मेहबूबबीचे रुमाल

मेहबूबबी गावांना ऊन दाखवायची. पाऊस सरून नवरात्राच्या आधी चार-सहा दिवस कडक ऊन पडलं, की कुतुबखान्याच्या मागच्या अंगणात ती ओळीनं बाजा टाकायची, त्यांवर कडुनिंबाचा पाला अंथरायची आणि मला आतून एकेक गाठोडं आणायला पिटाळायची.

"बाई, कंधार घिऊन ये. दोन्ही हातानं धर. भोकर ऱ्हाऊ दे, त्याला सकाळचं ऊन सोसत न्हाई."

मी कंधार आणायची, मग मुखेड, मग बिलोली. दहा वाजेपर्यंत निम्मा जिल्हा बाजांवर पहुडलेला असायचा आणि मेहबूबबी मधोमध आपल्या लाकडी स्टुलावर बसून एकेका गावाला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत असायची. निंबाच्या सावल्या गाठोड्यांवरून सरकत जायच्या. वेखंडाचा वास यायचा. कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मला वाटायचं, ती गावं खरंच झोपली आहेत आणि आपण जरा जोरात पाऊल टाकलं तर तिकडे कंधारात एखादं माणूस दचकून उठून बसेल.

असलं काहीबाही वाटून घेणं खरं तर माझ्या स्वभावात नाही. मी निलंग्याची, लायब्ररी सायन्सची पदवी घेऊन इथं सूचीकार म्हणून लागलेली, टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावणारी. कागदोपत्री मेहबूबबी माझ्या हाताखाली होती. पण तो कागद तिनं कधी वाचला नव्हता, आणि वाचून दाखवायची माझी छाती नव्हती.

आमच्या ग्रंथालयाच्या पाटीवर चांगलं लांबलचक नाव आहे, त्यात 'संशोधन' हा शब्दही आहे. पण नांदेडात रिक्षावाल्याला ते नाव सांगितलं तर तो तुम्हाला खुशाल एखाद्या कॉलेजच्या दारात सोडील. कुतुबखाना म्हटलं की बरोबर आणतो. निजामाच्या राज्यात कुणा हौशी मुन्सफानं घरची पुस्तकं लोकांसाठी उघडी केली, तिथून हे सुरू झालं. आज आमच्याकडे फारसी आहे, उर्दू आहे, देगलूरकडून आलेली ताडपत्रं आहेत, पोथ्या आहेत. पण लांबलांबून अभ्यासक येतात ते आमच्या रुमालांसाठी. गावोगावच्या घरांनी दिलेले जुने कागद, म्हणजे वाटण्या, वतनं, विहिरीवरून झालेली भांडणं, लग्नाच्या याद्या, हे सगळं ज्या कापडात बांधतात त्याला रुमाल म्हणतात, आणि बांधलेल्या अख्ख्या गाठोड्यालाही रुमालच म्हणतात. हे रुमाल बांधणारा, सोडणारा, राखणारा तो दफ्तरबंद. पूर्वी मेहबूबबीचा नवरा दस्तगीर दफ्तरबंद होता. तो गेल्यावर ते काम तिच्याकडे आलं.

ती ठेंगणी होती, अंगानं भरलेली. पदराच्या टोकाला कायम वेखंडाचा तुकडा बांधलेला. तिला वाचता येत नव्हतं. लिहिता मात्र एकच गोष्ट यायची, दस्तगीरनं शिकवलेली. जुने लेखनिक पोथीच्या पहिल्या पानावर 'या कबीकज' असं लिहून ठेवत. कबीकज म्हणजे किड्यांचा राजा, आणि 'या' ही त्याला मारलेली हाक. राजाचं नाव दिसलं की प्रजा आल्या पावली परत फिरते, असा त्यांचा हिशेब. मेहबूबबी हे नाव सगळीकडे लिहायची. रुमालांवरच्या चिठ्ठ्यांवर, कपाटांच्या आतून, घरच्या ज्वारीच्या कणगीवर. आणि दुसरं काही लिहिता येत नसल्यामुळे रोज हजेरीपटावर सही म्हणूनही हेच. तपासणीला आलेल्या किती साहेबांनी त्या सहीवर बरोबरची खूण केली असेल, देव जाणे. मी एकदा हे उघडकीला आणलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "हजेरीपटाला कसर लागली का कधी? न्हाई न्हवं? मग?"



तिचा एक कायदा होता. रुमाल कुणीही सोडावा, बांधायचा मात्र तिनंच. एकदा एक मोठे प्राध्यापक आले होते. पाच-सहा दिवस वाचत बसले आणि शेवटच्या दिवशी मोठ्या सौजन्यानं त्यांनी स्वतःच रुमाल बांधून तिच्या हातात दिला. मेहबूबबीनं त्यांच्यादेखत गाठ सोडली, कागद मांडीवर घेऊन चारी बाजूंनी थोपटले, कापडाची एक घडी खाली, दोन वर, आणि अंगठ्यानं दाबून गाठ मारली.

"साहेब, सोडायचं काम तुमचं," ती म्हणाली. "बांधायचं माझं. राग नका मानू. सोडायला शिकलेला माणूस लागतो, बांधायला आपल्या घरचा लागतो."

प्राध्यापकांनी राग मानला नाही. मी मात्र मनातल्या मनात मानला. चार वर्षं झाली होती, मलाही तिनं एकदा गाठ मारू दिली नव्हती. आणि ती रागावली की मला बाई न म्हणता 'म्याडम' म्हणायची, त्याचाही मला राग होता.

आता दसऱ्याचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दस्तगीर तरुणपणी सायकलवर, एस्टीनं, कधी पायी गावोगाव फिरला आणि लोकांच्या माळ्यांवरून, धान्याच्या कोठ्यांमधून हे कागद त्यानं मागून आणले. लोक सहजासहजी देईनात. तेव्हा त्यानं प्रत्येक घराला शब्द दिला, की कागद तुमचेच, आम्ही फक्त सांभाळणार, दरसाल या आणि डोळ्यांनी बघून जा. लोकांनी आपापल्या घरचंच कापड काढून त्यात कागद बांधून दिले. कुणी धोतर, कुणी फेटा, कुणी लुगड्याचा तुकडा. आणि ते खरोखर दरसाल यायला लागले. दसऱ्याला सकाळपासून कुतुबखान्याच्या ओसरीवर माणसं जमायची. वाचता एकालाही येत नसे, कारण मोडी आणि फारसी आता कोण वाचतं? ते नुसतं कापड ओळखायचे. "ही आज्याची धोतरजोडी," म्हणायचे. त्यावर हात फिरवायचे, आपट्याचं पान ठेवायचे, कुंकू लावायचे. मेहबूबबी राखण करत उभी असायची.

"कुंकू कापडाला. कागदाला न्हाई. आन् तेलाचा हात पुसून या आधी."

वर्षानुवर्षांच्या कुंकवानं ती कापडं गुलाबी, तांबूस, चिकट झाली होती. मला ती बघवत नसत.

एका उन्हाळ्यात मेहबूबबीची मुलगी शमीम बाळंत होणार होती, म्हणून ती दीड महिना लातूरला गेली. मी ती संधी साधली. वरून थोडं अनुदान आलं होतं. मांजरपाटाचे पांढरेशुभ्र, एका मापाचे चौकोन शिवून घेतले. खिडकीजवळच्या पहिल्या कपाटातले, बिलोली-भोकर-कंधारकडचे सगळे रुमाल सोडले आणि आतले कागद विषयवार लावले. वतनं एकीकडे, वाटण्या एकीकडे, पत्रं एकीकडे. कुठल्या घरचा कागद कुठला, याची नोंद करायला हवी होती. ती मी केली नाही. मला वाटलं, अभ्यासकाला विषय हवा असतो, त्याला घर कशाला हवं? जुनी कापडं एका पोत्यात कोंबली. त्यातलं एक निळं इरकली लुगडं जरा टिकाऊ दिसलं, ते कपाटं पुसायला घेतलं. ओल्या फिनेलनं त्याच्या चिंध्या झाल्या तेव्हा कचऱ्यात टाकून दिलं. काम संपल्यावर कपाट इतकं देखणं दिसत होतं, की मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला.

मेहबूबबी परत आली. शमीमला मुलगा झाला म्हणून सगळ्यांना पेढे वाटत वाटत ती रुमालांच्या खोलीत गेली आणि कितीतरी वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले. कपाटाची दारं उघडून ती समोर उभी होती, पेढ्याचा पुडा तसाच हातात.

"म्याडम," ती म्हणाली, "ह्या सगळ्यांस्नी कफन कुणी नेसवलं?"

मी समजावायला गेले. विषय, क्रमांक, धुळीपासून संरक्षण. तिनं ऐकून घेतलं.

"बिलोलीचा गयाबाईचा रुमाल काढून दाखव."

मी काढू शकले नाही. तो आता नव्हताच. गयाबाईच्या घरचे कागद पाच-सहा विषयांत वाटले गेले होते.

"दसऱ्याला गयाबाई येईल," मेहबूबबी म्हणाली. "चाळीस घरं येतील. त्यायला काय दाखवू? तुझे नंबर? माझा मालक जबान दिऊन गेला, बाई. तो मेला. जबान मरत न्हाई."

ती ओरडली असती तर मी भांडले असते. ती स्टुलावर बसली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. मला आयुष्यात इतकं लाजल्यासारखं कधी झालं नव्हतं, आणि ते लपवायला मी दिवसभर उगीचच सगळ्यांवर खेकसत राहिले.

दसऱ्याला तीन महिने होते. पोतं तेवढं जागेवर होतं, हे नशीब. पण कापडं हातात आली तरी कागद कुठल्या कापडातले हे कसं कळणार? अक्षरावरून, शाईवरून मी आठवडाभर डोकं फोडलं, चार घरंही जुळली नाहीत. मग एका दुपारी, आम्ही दोघी जमिनीवर कागदांच्या मधोमध बसलो असताना, मेहबूबबीनं एक जुना फेटा उजेडाकडे धरला. त्याला बारीक बारीक भोकं होती. तिनं एक कागद उचलला, त्यालाही भोकं होती. तिनं कागद फेट्यावर ठेवला, थोडा फिरवला, आणि खिडकीतला उजेड दोन्हींतून एकदम आरपार आला. चिमूटभर चांदण्या तिच्या गालावर पडल्या.

"कसरीनं खाल्लंय," ती पुटपुटली. "वरतून शिरली ती थेट खालपत्तूर गेली. कापड, कागद, कागद, कागद. बाई, वाट सोडून गेली बघ ती."

मग आम्ही तसंच सुरू केलं. खिडकीशी बसायचं, कागद उजेडाला धरायचा, भोकाला भोक लावायचं. किडीची वाट एका कागदातून दुसऱ्यात, तिसऱ्यात, आणि शेवटी कापडात निघायची. जुळलं की मेहबूबबी गावाचं नाव घ्यायची. कापड तर तिला पाठच होतं. दुपारी दोननंतर त्या खोलीत ऊन तिरपं यायचं, धुळीचे कण संथ तरंगायचे, आणि आम्ही दोघी उजेडाचे ठिपके मोजत बसायचो. कधी कधी बाहेरचा हॉर्न ऐकू आला की मी नांदेडात आहे हे मला आठवावं लागायचं. बोलणं फारसं नसायचं. एकदा मात्र ती स्वतःशीच हसायला लागली.

"काय झालं, खाला?" एव्हाना मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागले होते.

"जिला जनमभर हाकललं, तिनंच साक्ष दिली," ती म्हणाली. "कबीकजला आता काय तोंड दाखवू?"

भाद्रपद संपेपर्यंत सगळी घरं जुळली. कापडं न धुता, कुंकवासकट, परत आपापल्या कागदांवर चढली. गाठी अर्थात तिनंच मारल्या. मागे राहिला एकच गठ्ठा. कागदाला कागद नेमका जुळत होता, पण वरचं कापड कुठं नव्हतं. मेहबूबबीनं पोतं उलटं करून झटकलं.

"इरकली व्हतं," ती म्हणाली. "निळं. लाल काठाचं. गयाबाईच्या सासूचं."

मला गप्प बसता आलं असतं. उंदरानं नेलं म्हणता आलं असतं. पण तीन महिने तिच्याशेजारी बसून माझ्यातलं काहीतरी सैल झालं होतं. मी सांगून टाकलं, की ते मीच फाडलं, मीच टाकलं. मेहबूबबी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नवी चप्पल घालून आली.

"चल, म्याडम. बिलोलीला जायाचं."

"फोन करू या का?"

"फोनवर कुणी माफी मागतं का? तिनं इथवर येऊन धुंडाळत बसावं, त्याआधी आपुन जायाचं."

बिलोलीहून पुढे अर्ध्या तासावर गयाबाईचं गाव. सोयाबीन काढणीला आलेलं. गयाबाई सत्तरीची, काटक, अंगणात मुगाच्या शेंगा निवडत बसली होती. मेहबूबबीला पाहून तिचं तोंड उजळलं, आणि लगेच पडलं.

"बी? तू हिकडं कशी? कागदास्नी काय झालं का?"

"कागद बरे हायती, गयाबाई. कापड गेलं." आणि मेहबूबबी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "माझ्या हातून गेलं."

"खालाच्या नाही," मी म्हटलं. "माझ्या हातून. मी पुसायला घेतलं आणि टाकून दिलं."

गयाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत गेली. मला वाटलं, आता ही म्हणणार, आमचे कागद आम्हाला परत द्या. आणि एकीनं मागितले की चाळीस घरं मागणार. मेहबूबबीलाही तेच वाटलं असावं, तिचे ओठ हलत होते.

गयाबाई बाहेर आली ती वाकळ घेऊन. जुन्या कापडांच्या चिंध्या एकावर एक शिवलेली, अंगावर घ्यायची वाकळ. तिनं ती अंगणात पसरली. मधोमध दोन हात लांबीचा निळा तुकडा होता, लाल काठाचा.

"सासूचं लुगडं मधनं फाडलं व्हतं," ती म्हणाली. "निम्मं कागदाला दिलं, निम्मं मी ठिवलं. लेकरं ह्याच्याखालीच निजवली."

सुई घेऊन ती टाके उसवायला बसली.

"गयाबाई, नको," मेहबूबबी म्हणाली. "थंडीचे दिवस येऊन राहिले."

"मला दुसरी वाकळ हाय, बी. कागदाला कुठली?"

मेहबूबबीनं तो तुकडा दोन्ही हातांनी घेतला आणि डोळ्यांना लावला. परतीच्या एस्टीत तो तिच्या मांडीवर होता. मी खिडकीकडे तोंड करून रडले. तिला ते कळलं, पण तिनं कळल्याचं दाखवलं नाही. नरसीच्या फाट्यावर तिनं मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली आणि म्हणाली, "खा, बाई." मी म्याडमची परत बाई झाले.

त्या दसऱ्याला गयाबाई आली. मेहबूबबीनं बिलोली तिच्या पुढ्यात ठेवली. निळ्या कापडावर वाकळीच्या टाक्यांची भोकं ओळीनं दिसत होती. गयाबाईनं त्यांवरून बोट फिरवलं, आपट्याचं पान ठेवलं, आणि दुसरं पान माझ्या हातात दिलं. मी तिच्या पाया पडले. मला वाटतं, नोकरीतला माझा तो पहिला दिवस.

मेहबूबबी आणखी तीन वर्षं होती. मग निवृत्त होऊन शमीमकडे लातूरला गेली. जाताना किल्ल्या माझ्या हातात दिल्या, पण बांधायचं कसं ते शिकवलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "बघत व्हतीस न्हवं इतकी वर्षं?" बघत होते. पण तिच्यासमोर मारून पाहायचं धाडस कधी केलं नाही. एखादी विद्या मागच्या दारानं शिकावी तशी मी एकटीच शिकले, गाठ मारायची आणि ती असती तर काय म्हणाली असती याचा विचार करून परत सोडायची.

मी तिला शेवटचं पाहिलं ते लातुरात, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत, गेल्या हिवाळ्यात. शमीमनं फोनवर सांगितलंच होतं, की अम्मी आताशा झोपेतच जास्त असते, जागी झाली तरी पुरती जागी होत नाही. मी दशम्या केल्या, एका धुवट फडक्यात बांधल्या आणि गेले. शमीमनं तिला अंगणात बाजेवर उन्हात निजवलं होतं. इतकुशी झाली होती. पदराला वेखंड होतंच.

"खाला, मी आलेय. नांदेडहून."

तिनं डोळे किलकिले केले. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. हात मात्र माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडे आला. तिनं फडकं चाचपलं, गाठ सोडली, आत न बघताच चारी बाजूंनी थोपटलं. एक घडी खाली. दोन वर. मग गाठ मारायला गेली, पण बोटांत बळ नव्हतं. टोकं दोनदा निसटली.

"अम्मी, खाने की चीज हे वो," शमीम म्हणाली.

मेहबूबबीनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. कापडाची दोन्ही टोकं तिनं माझ्यापुढे धरली.

"बांध."

मी बांधलं. अंगठ्यानं दाबून गाठ मारली. तिनं गाठीत बोट घातलं आणि ओढून पाहिलं. एकदा, दोनदा.

"हाव," ती म्हणाली. डोळे मिटायला लागले होते. "कोन्तं गाव?"

"बिलोली, खाला."

"वरल्या फळीवर ठिव."

मी दशम्यांचं ते गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि आत जाऊन शमीमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं.